स्वयंपाकघरात उजेड



आज आपण स्वयंपाकघराबद्दल बोलणार आहोत. पदार्थांबद्दल नाही, त्या खोलीबद्दल. सुरुवातीलाच एक काम सांगते. उद्या भर दुपारी बारा वाजता स्वयंपाकघरातला दिवा बंद करा आणि रोज जिथं बसता किंवा उभ्या राहता, तिथं ताटात मूठभर तांदूळ घेऊन निवडून बघा. खडा दिसतो का? दिसला तर तुमच्या घरात उजेड आहे. ताट घेऊन दाराशी यावं लागलं, तर आजचं बोलणं तुमच्यासाठी आहे.

आमच्या बालाघाटाच्या पट्ट्यातल्या जुन्या घरांत बहुतेकींना ताट घेऊन दाराशीच यावं लागतं. याचा अर्थ आपल्या वाडवडिलांना घर बांधता येत नव्हतं, असा नाही. दगडमातीची जाड भिंत उन्हाळ्यात गार राहते. चोराचिलटाची भीती, म्हणून मागच्या बाजूला खिडकी नसायची. चूल सगळ्यात आतल्या खोलीत, परक्या माणसाच्या नजरेआड. धूर जायला आणि थोडा उजेड यायला माळवदात एक साणं ठेवलेलं असायचं. बायका जमिनीवर बसून रांधायच्या, पाणी आडावरून यायचं, भांडी अंगणात घासली जायची. त्या कामाला ती खोली पुरत होती.

आता काम बदललं आणि खोली तीच राहिली. गॅस आला, तो लोखंडी पेटीवर ठेवला. मिक्सर आला, त्याची वायर दारावरून ओढली. फ्रीज आला, तो कोनाड्याच्या पुढं उभा केला आणि कोनाडा बुजला. माळवद गळायला लागलं म्हणून वर पत्रे टाकले, त्यात साणं बंद झालं. म्हणजे खोलीत वस्तू वाढल्या आणि होता तो उजेडही गेला.

आमच्या एका गटात याच विषयावर चांगला वाद झाला होता. तो सांगते, कारण तसा वाद तुमच्याही बैठकीत होऊ शकतो. एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं, २०,००० रुपये. कारण सांगितलं, स्वयंपाकघर दुरुस्ती. लगेच दोघी-तिघी म्हणाल्या, "हे काय धंद्याचं कर्ज आहे का? सैपाकघरातून पैसा येतो का? फेडणार कशातून?" प्रश्न चुकीचा नव्हता. गटाचा पैसा सगळ्यांचा असतो. तेवढ्यात गटातल्या एक वयस्कर मावशी म्हणाल्या, "मागच्या साली म्हशीच्या गोठ्याला कर्ज दिलं. तवा आपणच म्हणलो, गोठ्यात वारं पाहिजे, उजेड पाहिजे, खाली पाणी साचू नये, नाहीतर जनावर आजारी पडतंय. मग बाई कुठं बांधली आहे, ते बघायचं नाही का?"

बैठकीत कुणी काही बोललं नाही. कर्ज मंजूर झालं. मला त्या मावशींचं म्हणणं फार महत्त्वाचं वाटतं. आपण स्वयंपाकघराला कामाची जागा मानतच नाही. शेतात, दुकानात, गोठ्यात काम चालतं असं म्हणतो. आणि सकाळी पाचपासून रात्री नऊपर्यंत जिथं आपली ये-जा चालते, तिला नुसती घरातली एक खोली म्हणतो. ती कामाची जागा आहे असं एकदा मान्य केलं, की दुरुस्तीत काय आधी आणि काय नंतर, हे आपोआप ठरतं.

त्या ताईंचं स्वयंपाकघर दहा फूट बाय नऊ फूट. एकच दार. भिंतीत वीतभर झरोका. वर काळे पडलेले पत्रे. घरात सासूबाई, नवरा, दोन मुलं. कर्ज मिळणार म्हटल्यावर घरात प्रत्येकाचं मत निघालं. नवऱ्याला चकचकीत टाइल्स हव्या होत्या, कारण भावाच्या घरी होत्या. मुलीला भिंतीतली कपाटं हवी होती. सासूबाई म्हणाल्या, "माझी चूल हलवायची नाही, बाकी काहीबी करा." त्या ताईंना कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही त्यांना एवढंच सांगितलं की आठ दिवस काही ठरवू नका, गवंड्यालाही बोलावू नका. फक्त बघा की कुठल्या कामाला किती वेळा उठावं लागतं, कुठं वाकावं लागतं, कुठं अडखळायला होतं.

आठ दिवसांनी त्यांनी सांगितलं ते असं. पिठाचा डबा एका कोपऱ्यात, पाण्याचा माठ दुसऱ्या कोपऱ्यात, गॅस तिसरीकडे. गरम भाताची पेज गाळायला भांडं घेऊन उंबरा ओलांडून अंगणात जावं लागतं आणि त्याच वाटेवर मुलं अभ्यासाला बसतात. संध्याकाळी दिवा पाठीमागे असतो, त्यामुळं कढईवर स्वतःचीच सावली पडते. भाजी करपली की वासावरून कळतं. यात टाइल्सचा प्रश्न कुठंच नव्हता. मग क्रम ठरला: आधी उजेड, मग धूर, मग पाणी, मग ओटा, मग मांडणी. शोभा सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर.

आता एकेक बघू.

उजेडासाठी सगळ्यात स्वस्त उपाय छतात असतो. पत्र्याचं घर असेल तर एक पत्रा काढून त्या जागी फायबरचा पारदर्शक पत्रा टाकता येतो. एवढ्याशा खोलीला एक पुरतो. जास्त टाकले तर उन्हाळ्यात खोली तापते. जमलं तर उत्तरेकडच्या उतारावर टाका, तिकडून ऊन कमी आणि उजेड सारखा येतो. चुलीच्या बरोबर वर टाकू नका. वरच्या पत्र्याखाली आणि खालच्या पत्र्यावर तो नीट दाबून घ्यायला सांगा आणि हुकाखाली वॉशर आहे का ते स्वतः बघा, नाहीतर पहिल्या पावसात गळती लागते. कौलारू घर असेल तर काचेची कौलं मिळतात. माळवदाचं घर असेल आणि जुनं साणं बुजवलेलं असेल, तर तेच उघडून, कडेनं उंच कठडा करून वर काच बसवता येते. माळवदात नवीन भोक मात्र जाणत्या गवंड्याला विचारल्याशिवाय पाडू नका. वर पांढऱ्या मातीचं ओझं असतं.

दुसरा उपाय खिडकी. जुन्या भिंतीत खिडकी पाडताना तीन गोष्टी सांभाळा. भिंतीच्या कोपऱ्यापासून दोन फूट तरी जागा सोडा. वर जिथं तुळई टेकली आहे, तिच्या खाली खिडकी नको. आणि खिडकीच्या वर लिंटल पाहिजेच, तो दोन्ही बाजूंना भिंतीवर नऊ इंच तरी टेकला पाहिजे. भिंत जाड असेल तर खिडकीच्या आतल्या बाजू तिरक्या कापून घ्या. तेवढीच खिडकी, पण उजेड जास्त पसरतो. खिडकी कामाच्या समोर किंवा बाजूला हवी. पाठीमागे असली तर आपली सावली आपल्याच कामावर पडते.

तिसरा उपाय चुना. भिंतीवरची काजळी आधी खरवडून, धुऊन घ्या. तशीच रंगवली तर तेलकट डाग आठ दिवसांत वर येतात. मातीच्या भिंतीला चुनाच चांगला, तो ओल आत कोंडू देत नाही. पांढऱ्या भिंतीवरून उजेड परत फिरतो, त्यामुळं तीच खिडकी मोठी झाल्यासारखी वाटते. रात्रीसाठी ९ वॅटचा एलईडी बल्ब आपल्या समोर, ओट्याच्या वर लावा. रोज पाच तास जळला तर महिन्याला दीड युनिटही होत नाही. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब तेवढ्याच वेळात ९ युनिट खातो.

आता धूर. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली, पुष्कळ घरांत सिलिंडर आला. तरी भाकरी आणि अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच होतं, कारण भरलेली टाकी महाग पडते. त्यामुळं चूल बंद करा असं मी म्हणणार नाही. पण चुलीचा धूर डोळे झोंबण्यापुरता नसतो. त्यानं खोकला, दमा, फुप्फुसाचे जुनाट आजार होतात, जवळ खेळणाऱ्या लहान लेकरांना न्यूमोनिया होऊ शकतो, मोतीबिंदूचाही धोका वाढतो. म्हणून चूल ठेवायची तर तिला धूर जायला वाट द्यायची.

त्या घरात चूल हलवायची नाही हा सासूबाईंचा हट्ट होता. त्यांच्याशी कुणी वाद घातला नाही. मागच्या दारी पत्र्याची छोटी पडवी काढली, तिथं धुराड्याची निर्धूर चूल घातली आणि शेजारी त्यांचा पाट ठेवला. मग सुनेनं विचारलं, "आत्याबाई, दोन दिस हितं करून बघता का?" दोन दिवसांनी त्याच म्हणाल्या की इथं वारा लागतो आणि येणारं-जाणारं माणूस दिसतं. निर्धूर चुलीचा पाइप छपराच्या वर दोन-तीन फूट गेला पाहिजे आणि दर पंधरा दिवसांनी आतली काजळी काढली पाहिजे. पाइप तुंबला की तीच चूल पुन्हा घरात धूर करते.

गॅसबद्दल थोडं लक्षपूर्वक ऐका. आपला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, वरच्या खिडकीतून जात नाही. म्हणून दाराखाली फट किंवा भिंतीत जमिनीलगत जाळी ठेवा. टाकी उभीच ठेवायची, शेगडी टाकीपेक्षा उंचावर. टाकी आणि पेटती चूल एका खोलीत नको. रबरी नळी आयएसआय शिक्क्याची घ्या आणि पाच वर्षांत बदला. वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ या नंबरवर फोन करा. हा नंबर घरातल्या मुलांनाही पाठ असू द्या.

तिसरी गोष्ट पाणी. घरात नळ आला, पण सांडपाण्याचं काय करायचं हे पुष्कळ घरांत ठरलेलंच नसतं. मोरी ओट्याच्या एका टोकाला घेतली तर पेज गाळायला बाहेर जावं लागत नाही. मोरीच्या फरशीला आणि पाइपाला दर फुटाला पाव इंच उतार द्या. पाणी दारात सोडू नका, डास होतात आणि शेजाऱ्यांशी भांडणं होतात. घराच्या मागं शोषखड्डा घ्या. नांदेड जिल्ह्यात अशा शोषखड्ड्यांचं काम गावंच्या गावं मिळून झालं आहे. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा, मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. रोजगार हमीतून हे काम होतं का, ते ग्रामपंचायतीत विचारा. खड्डा पायापासून लांब आणि विहीर-बोअरपासून ५० फुटांच्या आत नको. जमीन काळी, चिकट असेल तर पाणी मुरायला वेळ लागतो. अशा ठिकाणी तेच पाणी परसबागेत अळू, केळीला सोडा.

आता ओटा. ओट्याची उंची गवंड्यानं ठरवायची नाही. तो त्याच्या उंचीनं किंवा सवयीनं बांधतो. आपण ताठ उभं राहायचं, हात कोपरात वाकवायचा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत सुतळीनं माप घ्यायचं. त्यातून चार ते सहा इंच कमी केले की आपला ओटा मिळतो. बहुतेक जणींचा तो ३० ते ३४ इंचांच्या मधे येतो. गॅसची शेगडी चार-पाच इंच उंच असते, म्हणून तेवढा भाग थोडा खाली घेतला तर कढईत डोकावायला टाचा उचलाव्या लागत नाहीत. ओट्याची रुंदी दोन फूट पुरे, त्यापेक्षा जास्त घेतली तर मागचं हाताला येत नाही.

बांधण्याआधी एक करा. जमिनीवर रांगोळीनं ओटा, मोरी, गॅस, पिठाचा डबा, सगळं आखा. आणि रिकाम्या हातानं सबंध स्वयंपाक करून बघा. पीठ घेतलं, पाणी घेतलं, मळलं, तवा ठेवला. त्या ताईंनी हे केलं तेव्हा कळलं की फ्रीजचं दार उघडलं की मोरी अडते. रांगोळी पुसून दुसरी काढली, काहीच खर्च आला नाही. ओटा बांधल्यावर कळलं असतं तर फोडावा लागला असता.

आणि बसून काम करायची सवय मोडा असंही नाही. ज्वारीची भाकरी पुष्कळ जणी बसूनच चांगली थापतात. त्यासाठी आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी एक बसकी जागा ठेवा. ओट्याला शहाबादी किंवा कडप्पा पुरतो, स्वस्त असतो आणि मजबूत असतो. लिंबू-चिंचेचा डाग मात्र लगेच पुसा. ओट्याखाली दारं लावून बंद कपाट करण्यापेक्षा फरशीचे खण उघडे ठेवा आणि पुढं पडदा लावा. बंद जागेत ओल राहते आणि झुरळं होतात.

मांडणीचा नियम सोपा आहे. रोज लागणारं कमरेपासून डोळ्यांपर्यंत. सणावाराचं वर. जड डबे खाली. गॅसच्या वर फळी नको, तेल घ्यायला पेटत्या शेगडीवरून हात जातो. विजेचा बोर्ड मोरीपासून लांब आणि मुलांचा हात पोचणार नाही इतका उंच. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. मिक्सर आणि फ्रीजसाठी तीन पिनांचंच सॉकेट पाहिजे.

आता पैशांचा हिशोब, कारण तुम्ही तो विचारणारच. त्या ताईंना खिडकी आणि लिंटलला ६,५०० रुपये लागले, पारदर्शक पत्र्याला आणि तो बसवायला १,८००, भिंतींच्या गिलाव्याला आणि चुन्याला ३,२००, ओट्याला ९,०००, मोरी आणि पाइपाला ३,५००, वायरिंगला २,५०० आणि चुलीच्या पडवीला २,५००. एकूण २९,०००. खड्डा दोघा नवराबायकोनं स्वतः खांदला. २०,००० गटाचं कर्ज, ९,००० हरभऱ्याच्या पैशातून. कर्ज वीस महिन्यांचं, महिन्याला १,००० मुद्दल आणि उरलेल्या रकमेवर शेकडा एक व्याज. सगळं मिळून व्याज २,१०० रुपये झालं. तुमच्या गावचे दर वेगळे असतील, तुम्ही तुमचा कागद मांडा. पैसे एकदम नसतील तर टप्प्यानं करा. पारदर्शक पत्रा, चुना आणि एक बल्ब, एवढं पहिल्या वर्षी केलं तरी पुष्कळ फरक पडतो. काम सुगी झाल्यावर काढा आणि मृगाच्या आधी संपवा.

आणखी एक गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कर्ज तुमच्या नावावर, हप्ता तुमच्या बचतीतून. मग घर कुणाच्या नावावर आहे? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या नोंदवहीत घराची नोंद असते, आणि तिथं नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावता येतं. घरात पैसा घालण्याआधी हा उतारा काढून बघा. नाव नसेल तर घरात बसून, भांडण न करता, हा विषय काढा. त्या ताईंच्या घरी यावर चार दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. मग सासूबाईच मुलाला म्हणाल्या, "माझं नाव कुठंच लागलं नाही, तिचं तरी लाव." अर्ज दोघांच्या सहीनं गेला.

काम झाल्यावर काय बदललं, हे मी त्यांना विचारलं होतं. टाइल्स अजून लागलेल्या नाहीत. स्वयंपाकाचं कामही तेवढंच आहे, ते कमी करायचं तर घरातल्या बाकीच्यांनी हात लावायला हवा. पण त्या म्हणाल्या, "आता मुलगा आत येतो. आधी अंधारात यायला त्याला आवडत नव्हतं. आता ओट्याशी उभा राहून चहा करतो आणि कप विसळून ठेवतो." मैत्रिणींनो, उजेड आला की त्या खोलीत चाललेलं काम घरातल्या बाकीच्यांनाही दिसायला लागतं. हे कुठल्या हिशोबात धरायचं, ते तुम्ही ठरवा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक सुतळी आणा, आपल्या कोपराच्या मापाची. सगळ्या सुतळ्या शेजारी शेजारी ठेवा. प्रत्येकीचं माप वेगळं निघेल. मग बोला, आपापल्या स्वयंपाकघरात पहिलं काम कोणतं करायचं, आणि गटानं कुणाला आधी मदत करायची.